मारका बैल, उघडा खड्डा आणि गिधाडे

शास्त्रभाग : निर्गम २१:२८-३६, लेवीय ४:२७-२८, अनुवाद २२:६-७, नीतिसूत्रे १२:१०



दहा आज्ञा आमच्या शब्बाथ शाळेतील लहान मुलांनाही पाठ असतात. पण त्यांच्या मागोमाग बैल, गाढव, कुंपण, पीक यांच्या तंट्यांविषयी जे नियम येतात ते मंडळीत क्वचितच वाचले जातात. ते वाचावयाचे आले म्हणजे वाचणाऱ्यास पुढे सरकण्याची घाई होते. आमच्या मते मात्र खेड्यातील मंडळीच्या जीवनाशी इतका निकट असलेला भाग नियमशास्त्रात दुसरा थोडाच सापडेल.

त्यांपैकी एक नियम असा आहे. कोणाच्या बैलाने मनुष्यास शिंगांनी भोसकून ठार केले तर बैलास धोंडमार करावा, पण त्याच्या धन्यास दोष लावू नये. परंतु तो बैल पूर्वीपासून मारका असून, धन्याच्या कानांवर ती गोष्ट घातली असताही त्याने त्यास बांधून ठेविले नसेल, तर मात्र धनीही अपराधी ठरतो. बैल तोच, शिंगे तीच, मेलेला मनुष्यही तसाच. भेद इतकाच की, पहिल्या धन्यास ठाऊक नव्हते आणि दुसऱ्यास ठाऊक होते. पुढचा नियम खड्ड्याचा आहे. एखाद्याने खड्डा खणून तो उघडा टाकला आणि त्यात शेजाऱ्याचे जनावर पडून मेले, तर खणणाऱ्याने भरपाई करावी. त्याने जनावरास ढकलले नव्हते. कदाचित तो त्या वेळी घरी निजलेलाही असेल. तरी भरपाई त्याचीच.

हे दोन नियम आज आम्ही अशा एका गोष्टीस लावून पाहणार आहो की, जी मोशेच्या काळी कोणाच्या स्वप्नातही आली नसेल. ती गोष्ट आमच्या देशातील गिधाडांच्या नाशाची होय.

ज्या वाचकांनी चाळिशी ओलांडली आहे त्यांस लहानपणीचे दृश्य आठवत असेल. गावात बैल किंवा म्हैस मेली की ती गावाबाहेरच्या माळावर नेऊन टाकीत. घटकाभरात आकाशात ठिपके दिसू लागत, ते घिरट्या घालीत खाली येत, आणि पाहता पाहता माळावर गिधाडांची दाटी होई. सायंकाळपर्यंत तेथे हाडांवाचून काही उरत नसे. दुर्गंधी नाही, किडे नाहीत, नाल्याच्या पाण्यात घाण नाही. गिधाडाच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की सडक्या मांसातील पुष्कळ रोगजंतू तेथेच मरतात. हे काम गावाने कधी मोलाने करून घेतले नाही आणि त्याबद्दल कधी आभारही मानले नाहीत.

१९९० नंतरच्या दशकात हा पक्षी दिसेनासा होऊ लागला. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांस प्रथम ही गोष्ट ठळकपणे आढळली. झाडांवर गिधाडे माना खाली टाकून निपचित बसत आणि काही दिवसांनी मरून पडत. घरटी ओस पडत चालली. पुढे देशभर जी मोजणी झाली तिचा निष्कर्ष वाचून मन सुन्न होते. पांढऱ्या पाठीचे गिधाड १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत शेकडा ९९.९ इतके घटले, म्हणजे जेथे हजार होते तेथे एक राहिले. लांब चोचीचे गिधाड आणि उत्तरेकडील निमुळत्या चोचीचे गिधाड, या दोहोंची घट मिळून शेकडा ९६.८ होती. जगात कोणत्याही पक्ष्याची इतकी मोठी संख्या इतक्या थोड्या काळात नाहीशी झाल्याचे उदाहरण विरळाच.

कारण कोणासच कळेना. कोणी म्हणे साथ असावी, कोणी म्हणे शेतातील कीटकनाशके असावीत. अखेर पाकिस्तानातील पंजाबात मेलेल्या गिधाडांची शवे लिंडसे ओक्स व त्यांच्या सोबत्यांनी चिरून पाहिली, तेव्हा काळीज, यकृत इत्यादी अवयवांवर खडूसारखा पांढरा थर बसलेला आढळला. मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे शरीरातील क्षार आतल्या आत साचले होते. हे कशाने होते याचा शोध घेता घेता २००४ साली उत्तर मिळाले, आणि ते अगदी अनपेक्षित होते. गिधाडांना मारणारे विष हे एक औषध होते. डायक्लोफेनॅक हे त्याचे नाव. सूज व वेदना कमी करण्यासाठी मनुष्ये ते घेतात. स्वस्त झाल्यावर ते गुरांनाही सर्रास टोचू लागले. बैल लंगडू लागला, गाईची कास सुजली, म्हैस अडली, की एक सुई. जनावरास त्याने आराम पडे. पण औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत ते जनावर मेले तर त्याच्या मांसात व यकृतात औषधाचा अंश राहून जाई, आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडाचा दोन-तीन दिवसांत अंत होई.

येथे कोणी विचारील की, सगळ्याच गुरांना ते औषध थोडेच देत असत? नाही देत. परंतु गणित करणाऱ्यांनी दाखवून दिले आहे की, इतका मोठा नाश होण्यास शंभर शवांमागे एक शव विषारी असण्याचीही गरज नव्हती. त्याहून कमी पुरेशी होती. गिधाडे एकेका शवावर थव्याने उतरतात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी जातात. प्रत्यक्षात २००४-०५ साली भारतात ठिकठिकाणच्या शवांचे यकृत तपासले, तेव्हा दहांतून सुमारे एकात ते औषध सापडले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्या शेतकऱ्याने आपल्या लंगड्या बैलास ती सुई देवविली, त्याने काय वाईट केले? नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो असा आशय आहे, तेच त्याने केले. पदरचा पैसा खर्चून त्याने मुक्या प्राण्याची वेदना दूर केली. दयेचे कृत्य आणि त्याचे फळ एका जातीचा संहार, हे कोडे पुष्कळांस घोटाळ्यात पाडते. एका उपदेशक बंधूंनी तर आम्हांस सरळ विचारले की, हेतू शुद्ध असता पाप कसले?

आमचे उत्तर असे आहे. निर्गमाच्या नियमात पहिल्या धन्यास दोष नाही, तसा २००४ पूर्वी त्या शेतकऱ्यासही दोष नाही. त्याच्या बैलाच्या अंगी मारकेपणा आहे हे त्यास कोणी सांगितलेच नव्हते. परंतु शास्त्र येथेच थांबत नाही. लेवीयाच्या चौथ्या अध्यायात नकळत घडलेल्या पापाविषयी जो विधी सांगितला आहे तो लक्षपूर्वक वाचावा. मनुष्याच्या हातून अजाणता काही घडले आणि मागाहून ते त्याच्या लक्षात आणून दिले, म्हणजे त्याने अर्पण घेऊन यावयाचे. मला ठाऊक नव्हते, असे म्हणून तो हात झटकू शकत नाही. कळले त्या दिवसापासून त्याचे कर्तव्य सुरू होते. अज्ञानाची सबब ज्ञान येईपर्यंतच चालते.

ज्ञान कधी आले ते आम्ही वर सांगितले आहे. २००६ साली भारत सरकारने गुरांसाठी हे औषध बनविणे थांबविले. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम नावाचे दुसरे औषध गिधाडांना बाधत नाही आणि गुरांनाही गुण देते, हे प्रयोगाने सिद्ध झाले. म्हणजे वेदना दूर करावी की पक्षी वाचवावा असा पेचही उरला नाही. तरीही पुढे काय झाले? मनुष्यांसाठी असलेले तेच औषध मोठ्या बाटल्यांतून विकत घेऊन गुरांना टोचले जाऊ लागले. एवढ्या मोठ्या बाटलीची मनुष्यास गरज नसते; ती कोणासाठी भरली जात होती हे विकणाऱ्यास, घेणाऱ्यास आणि बनविणाऱ्यास चांगले ठाऊक होते. म्हणून २०१५ साली मनुष्यांसाठीची बाटली तीन मिलिलिटरहून मोठी असू नये असा नियम करावा लागला. त्याविरुद्ध काही कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि २०१७ साली मद्रास उच्च न्यायालयाने नियम योग्य ठरविला. बैल मारका आहे हे ज्यांस सांगितले होते त्यांनीच तो मोकळा सोडावा, यास आता अज्ञान म्हणता येत नाही. आणि दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारावयाचा, ही जगाची जुनी सवय आहे. खड्ड्याचा नियम तर आधी खणणाऱ्याकडे बोट दाखवितो.

खड्ड्यात केवळ गिधाडेच पडली असेही नाही. माळावरची शवे खाण्यास गिधाडे उरली नाहीत, तेव्हा ती सडू लागली, पाण्यात मिसळू लागली, आणि त्यांवर भटक्या कुत्र्यांची पैदास वाढली. कुत्र्यांमागोमाग रेबीज आला. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने झालेला मृत्यू ज्याने एकदा पाहिला आहे त्यास त्याचे वर्णन करून सांगावयास नको. एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी, पूर्वी जेथे गिधाडे विपुल होती असे जिल्हे व जेथे ती मुळातच थोडी होती असे जिल्हे यांतील मृत्यूंची तुलना केली. २०२४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा अंदाज असा की, गिधाडांच्या नाशामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख अधिक मनुष्ये मरण पावली. अंदाजात थोडेफार अधिकउणे होऊ शकेल. पण मनुष्ये उपाशी असता पाखरांची चिंता कशाला, असे जे आमचे मित्र म्हणतात त्यांनी हा आकडा एकवार मनात घोळवावा. मुंबईच्या पारशी बांधवांचीही यात मोठी अडचण झाली. त्यांच्या दोखम्यांत मृतांची जी विल्हेवाट शतकानुशतके गिधाडे लावीत, त्यासाठी त्यांस सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवावी लागली.

तथापि केवळ उपयोगाचा हा युक्तिवाद आम्हांस पुरेसा वाटत नाही. उपयोग संपला की प्राण्याचा हक्क संपला, असे त्यातून निघेल. ईयोबाच्या ग्रंथात देव बोलू लागतो तेव्हा ज्या भूमीत मनुष्यच राहत नाही तेथे पडणाऱ्या पावसाविषयी तो बोलतो, आणि मनुष्याच्या काडीच्याही कामी न पडणाऱ्या प्राण्यांचा अभिमानाने उल्लेख करितो. त्याच ग्रंथाच्या एकुणचाळिसाव्या अध्यायाच्या शेवटी उंच कड्यावर घरटे करणारा, दुरून भक्ष्य हेरणारा आणि जेथे मृत असतील तेथे हजर होणारा एक पक्षी येतो. आमच्या मराठी शास्त्रात त्यास गरुड म्हटले आहे. मूळ इब्री शब्द नेशेर असा आहे. मीखाच्या पहिल्या अध्यायात याच नेशेराचे टक्कल उपमेसाठी घेतले आहे. गरुडाचे डोके पिसांनी भरलेले असते; टक्कल असते ते गिधाडाला. यावरून नेशेर म्हणजे गिधाडच, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. आता हाच शब्द निर्गमाच्या एकोणिसाव्या अध्यायात आला आहे, जेथे देव आपल्या लोकांना पंखांवर वाहून आणल्याचे सांगतो. आणि यशयाच्या चाळिसाव्या अध्यायाच्या शेवटीही आला आहे. ते वचन आमच्या किती घरांत भिंतीवर टांगलेले असते! वाचकहो, त्या वचनातील पंख बहुधा गिधाडाचे आहेत.

आणि लेवीयाच्या अकराव्या अध्यायात अशुद्ध पक्ष्यांची जी यादी आहे तिच्यातले पहिले नाव हेच. यात विसंगती नाही. तेथे अशुद्ध याचा अर्थ खाण्यास वर्ज्य इतकाच आहे, तुच्छ असा नव्हे. ज्याचे मांस खाऊ नये असे देवाने सांगितले, त्याच्याच पंखांची उपमा त्याने स्वतःच्या कृपेस दिली.

येथे एक गोष्ट बोलल्यावाचून आमच्याने पुढे जाववत नाही. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या आजेपणजांवर मेलेली गुरे ओढून नेण्याचे काम गावाने लादले होते. ते झाले नसते तर गावात कोणास राहवले नसते. पण करणाऱ्यासच गावाने विटाळ मानला. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस टाकण्याविषयी आपल्या लोकांस कळकळीने सांगितले, आणि ते जुने ओझेही लोक पुढे झुगारू लागले. ते उचितच झाले. ते काम पुन्हा कोणा एका जातीकडे जावे असे सुचविणे हेच पाप होईल. मनुष्याची व पक्ष्याची बरोबरी आम्ही करीत नाही. परंतु घाण दूर करणाऱ्यालाच घाण म्हणावयाचे, ही रीत ज्यांच्या घराण्याने भोगली आहे त्यांस गिधाडाविषयीचा तिरस्कार कोठून येतो हे इतरांपेक्षा लवकर उमगेल.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मनुष्यास दिलेल्या सत्तेविषयी आक्षेप घेतला जातो, त्याचे उत्तर थोडक्यात देतो. सत्ता दिली आहे यात शंका नाही. पण दुसऱ्याच अध्यायात त्याच मनुष्यास बागेची मशागत व राखण करण्यास ठेविले आहे, आणि सत्तेची मर्यादा कोठे आहे हे अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील घरट्याचा नियम दाखवितो. वाटेत घरटे सापडले तर पिले घेण्यास मोकळीक आहे. आई मात्र सोडून द्यावयाची. हा नियम भावनेपोटी केला आहे असे समजू नये, त्यात खोल व्यवहारज्ञान आहे. पिलू गेले तर आई पुन्हा अंडे घालील. आई गेली की वंशच खुंटला. गिधाडांच्या बाबतीत हे फारच खरे आहे. गिधाडाची मादी वर्षास एकच अंडे घालते, आणि पिलू वयात येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. चिमणीची किंवा कोंबडीची हानी दोन-चार हंगामांत भरून येईल. येथे मोठी गिधाडे मेली म्हणजे ती तूट भरण्यास मनुष्याचे अर्धे आयुष्य लागते. या औषधाने आयाच मारल्या.

म्हणूनच जे प्रयत्न चालले आहेत त्यांचे फळ लगेच दिसत नाही. हरियाणातील पिंजोर येथे नॅचरल हिस्टरी सोसायटी व तेथील वनखाते यांनी उभारलेल्या केंद्रात गिधाडे बंदिस्त जागी वाढवितात. तेथे वाढलेली काही गिधाडे २०२४ साली आमच्या विदर्भात पेंच व ताडोबा येथे आणून सोडली. कोकणात रायगड जिल्ह्याच्या म्हसळे तालुक्यात चिरगावच्या परिसरात पांढऱ्या पाठीची गिधाडे झाडांवर घरटी करितात, आणि तेथील ग्रामस्थांनी त्यांस सांभाळले आहे. नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे आहेत. काही ठिकाणी वनखात्याने औषधमुक्त शवे टाकण्यासाठी राखीव जागा केल्या आहेत. लोक थट्टेने त्यांस गिधाडांची खानावळ म्हणतात. थट्टा असो, पण खानावळीत विष नाही याची खात्री देणारे कोणीतरी लागते, आणि ती खात्री गोठ्यापासूनच सुरू होते.

तेव्हा आमच्या मंडळ्यांतील ज्या कुटुंबांकडे गुरे आहेत त्यांनी सुई टोचण्यापूर्वी बाटलीवरील नाव विचारावे. विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. औषध दिल्यानंतर थोड्याच दिवसांत जनावर मेले, आणि कोणते औषध दिले ते निश्चित माहीत नसले, तर शव उघड्यावर न टाकता खोल पुरावे. ओळखीच्या दुकानातून मनुष्यांचे औषध आणून गुरांना देण्याची सवय तर अजिबात सोडावी. डोंगराळ भागातील वाड्यांवर जेथे डॉक्टर वेळेवर पोचत नाहीत तेथे ही सवय मोडणे कठीण जाईल हे आम्ही जाणतो, पण मेलॉक्सिकॅम महाग नाही. उपदेशक बंधूंनी हा पाठ घेताना पुढील नावे वर्गात दोनदा मोठ्याने वाचावीत व ज्यांस लिहिता येते त्यांजकडून ती लिहवून घ्यावीत. डायक्लोफेनॅक गुरांना देण्यास २००६ पासून बंदी आहे. किटोप्रोफेन व अॅसिक्लोफेनॅक यांस २०२३ साली, आणि निमेसुलाइडास २०२४ च्या अखेरीस बंदी झाली. गिधाडांना न बाधणारी म्हणून परीक्षेत उतरलेली दोन, मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक अॅसिड.